होमस्टेडची जमीन बायकांच्याही नावावर झाली

अमेरिकेतल्या १८६२च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याने, जमीन फक्त पुरुषांना मिळाली, बायका नुसत्या नवऱ्यामागून गेल्या, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. २१ वर्षांची अविवाहित मुलगी, विधवा किंवा कुटुंबप्रमुख बाई स्वतःच्या नावावर १६० एकरांपर्यंत जमीन मागू शकत होती. पाच वर्षं तिथं राहून ती कसायची, मग मालकी. नांदत्या बाईला मात्र सहसा हा हक्क नव्हता, आणि ते मला फार खटकतं.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या माळावर लाकूड दुर्मीळ, म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची घरं. छपराची माती ताटात पडू नये म्हणून आतून कापड ताणलेलं, चुलीत रानगोवऱ्या. अशा घरात राहून कित्येकींनी आपली जमीन मिळवली.