मधुमेही मांजराला उपाशी ठेवू नका

‘मांजराला मधुमेह निघाला की दोन-तीन दिवस खाणं बंद करा, साखर उतरते आणि वजनही घटतं’ असा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. कृपया तो पाळू नका. तो मांजराच्या जिवावर बेतू शकतो.

मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, काही दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साचते. यकृत निकामी व्हायला लागतं, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. त्यातच रिकाम्या पोटी इन्सुलिन दिलं, तर साखर एकदम खाली येऊन झटके येऊ शकतात. त्यामुळे मांजराने जेवण नाकारलं तर नेहमीचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

वजन कमी करायचंच आहे, पण हळू. आठवड्याला साधारण अर्धा ते एक टक्का. म्हणजे 6 किलोच्या बोक्याचं 30 ते 60 ग्रॅम. एवढा फरक घरच्या मोठ्या काट्यावर कळत नाही, बाळांचा वजनकाटा वापरा.

दूधभात, पोळी बंद. मांजर मुळात मांसाहारी, तिला प्रथिनं भरपूर आणि कर्बोदकं कमी असलेलं ओलं खाद्य मानवतं. मात्र हा बदलही इन्सुलिन चालू असताना परस्पर करू नका. कर्बोदकं घटली की इन्सुलिनची गरजही घटते आणि जुनाच डोस जास्त ठरतो. आहार आणि डोस दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीत बदला. लवकर, नीट उपचार झालेल्या काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही.