भाडं कमी, म्हणून पन्हळ फुटकी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. रात्री सासूबाईंनाही वाचून दाखवली. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या भाड्याच्या घराची डागडुजी दोन वर्षं मागूनही झाली नाही, शेवटी आम्हीच ती करून घेतली आणि खर्च भाड्यातून वळता करायला लागलो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "ताई, भाडं किती देता ते तुम्ही लपवलंत. जुने भाडेकरू जवळजवळ फुकटात राहतात आणि वर दुरुस्ती मागतात. मालकाची घरपट्टीसुद्धा सुटत नाही. भिंत पुराने गेली, त्यात मालकाचा काय दोष? जो राहतो त्यानं करावं, नाहीतर घर सोडावं." मिरजेत तुमचा स्वतःचा जुना वाडा आहे, त्यात दोन बिऱ्हाडं आहेत, हेही तुम्ही सांगितलंत. तुम्ही मनापासून लिहिलंय, तेव्हा मीही सगळं मोकळेपणानं सांगते.

भाड्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. आकडा मी लिहायला हवा होता. महिना ९०० रुपये. खाली स्वयंपाकघर आणि मधली खोली, वर माडी, मागं परसात सामाईक नळ. एवढी जागा याच बोळात आज कुणी नव्यानं घ्यायला गेलं तर सहा-सात हजारांच्या खाली मिळायची नाही, हे मलाही ठाऊक आहे.

पण हे ९०० आम्ही मालकांना फसवून ठरवलेले नाहीत. सासऱ्यांनी १९८८ साली हे घर भाड्यानं घेतलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्या वेळी आमचं भाडं ३५० होतं. या कायद्यानं मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. साडेतीनशे दरसाल चार टक्क्यांनी चढवत नेले तर पंचवीस वर्षांत साधारण ९३० होतात. म्हणजे आमचं भाडं कायद्याच्या हिशेबाच्या आसपासच आहे. चार टक्के तुम्हाला अपुरे वाटतात, आणि घरपट्टी, पाणीपट्टी बघता तुमचं ते म्हणणं मला पटतंसुद्धा. पण ते भांडण कायदा करणाऱ्यांशी आहे. माझ्या सासूबाईंच्या डोक्यावरच्या तुळईवर त्याचा राग काढून कसं चालेल?

आता पुराचं. सांगलीत राहणाऱ्या माणसाशी पुरावर वाद घालायचा नसतो, तरी घालते. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५५ च्या आसपास. दोन्ही वेळा आमच्या खालच्या खोल्यांत पाणी होतं. २०१९ ला तर मधल्या खोलीत पाच फूट पाणी कित्येक दिवस उभं होतं. त्याची रेघ भिंतीवर अजून दिसते. त्या रेघेच्या आत जे काही खराब झालं, त्याबद्दल मी मालकांकडं एक रुपया मागितलेला नाही. उलट त्यात थोडी चूक आमचीच आहे, तीही सांगते. २००५ च्या पुरानंतर आम्ही स्वतःच्या पैशानं खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. जुनी भिंत मातीत रचलेल्या विटांची. तिच्यातली ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडायची. सिमेंटनं ती आत कोंडली, ओल आणखी वर चढली आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा धरला. नंतर गवंड्यानं सांगितलं तेव्हा कळलं. तो खर्च आमचा आम्ही सोसला.

माझी तक्रार दुसऱ्याच पाण्याची आहे. आमच्या माडीवर कौलांचे दोन पाखे जिथं मिळतात, तिथं पत्र्याची पन्हळ आहे. तिचा सांधा जून २०२२ मध्ये सुटला. पुराची ओल खालून वर चढते, उन्हाळ्यात वाळते आणि मागं पांढरी पूड ठेवते. पन्हळीचं पाणी वरून खाली उतरतं. आढ्याजवळ चहाच्या रंगाचा डाग पडतो, पाऊस लागला की तो ओला होतो आणि उघडीप पडली की कडेनं गडद होतो. २०२२ आणि २०२३ या दोन्ही पावसाळ्यांत आमच्या बोळात नदीचं पाणी आलं नाही, तरी माडीची भिंत वरून भिजत होती. हे पुरानं झालं म्हणणं म्हणजे नदीवर आळ घेणं आहे.

पत्रेवाल्यानं तेव्हा १,८०० रुपये सांगितले होते, दोन पत्रे आणि डागकाम धरून. मालक पुण्याला असतात. त्यांच्या इथल्या पुतण्याला मी घरी बोलावून डाग दाखवला. ते म्हणाले, "बघूया की, पाऊस तर संपू दे." पाऊस संपला. दिवाळीत फोन केला, तेव्हा उन्हाळ्यात करू म्हणाले. उन्हाळ्यात फोन उचलला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुतार मिस्त्री सहज म्हणून बघायला आले. स्टुलावर चढले, तुळईला बोटांनी ठोकून बघितलं आणि मला म्हणाले, "वहिनी, दाभण आहे का घरात?" सासूबाईंचं गोधडी शिवायचं दाभण दिलं. भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी त्यांनी ते लाकडात टेकवलं, जोर असा लावलाच नाही, आणि दाभण नेढ्यापर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला भिजलेल्या भाकरीच्या चुऱ्यासारखा ओला भुसा लागला होता. त्या तुळईच्या बरोबर खाली सासूबाईंचा पलंग होता. तो आम्ही त्याच संध्याकाळी हलवला आणि तुळईला टेकू दिला. मालकांना फोटो पाठवले. फोटो पाहिल्याचं दिसत होतं, उत्तर आलं नाही.

"जो राहतो त्यानं करावं" हे तुमचं वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं, कारण आमच्याकडंही आधी सगळे तेच म्हणत होते. कायदा असं म्हणत नाही. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवणं मालकाकडं आहे. भाडेकरूनं त्याच्याविरुद्ध करार करून दिला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या करारात तसं काही नाही, तुमच्या बिऱ्हाडांच्या करारात काय आहे ते तुम्ही पाहा. मालकानं दुर्लक्ष केलं तर भाडेकरूनं निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळ थांबायचं आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. आम्ही एप्रिल २०२४ मध्ये रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. पोचपावती सहीनिशी परत आली. पंधरा दिवस सोडा, महिना थांबलो आणि मे अखेरीस, मृगाच्या तोंडावर काम काढलं.

परवानगीशिवाय बांधकाम केलं, असंही तुम्ही लिहिलंत. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर मालक घर खाली करून मागू शकतो, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून मिस्त्रींना बजावलं होतं की तुळई त्याच जागी, तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच जाडीची बसवायची. एक खुंटीसुद्धा जास्तीची मारायची नाही. कौलं तीच परत घातली, फुटकी तेवढी बदलली. लाकडाचं बिल वखारीचं आहे. मिस्त्रींकडं छापील पावती नसते, म्हणून वहीच्या पानावर रोजचा हिशेब लिहून त्यांची सही घेतली. अशा दुरुस्तीत भाडेकरूनं ठेवलेला पावत्यांसहित हिशेब हाच खर्चाचा पुरावा मानायचा, असं कायद्यातच आहे. त्यामुळं त्या वहीला मी जपते.

एकूण ३१,००० रुपये झाले. १,८०० रुपयांची पन्हळ वेळेवर झाली असती, तर यातला बहुतेक खर्च झालाच नसता.

आणि इथं, काका, मला तुम्हाला एक आकडा दाखवायचा आहे. भाडेकरू मनाला येईल तेवढं कापून घेतात असं तुम्हाला वाटतंय. कायद्यानं एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. आमचं वर्षाचं भाडं १०,८००, चौथा हिस्सा २,७००. महिन्याला २२५ रुपये. या हिशेबानं ३१,००० फिटायला साडेअकरा वर्षं लागतील. सासूबाई आज ८१ वर्षांच्या आहेत. कमी भाड्याच्या घरात ही तरतूद किती तोकडी पडते, ते तुम्हीच बघा. ती मालकाला बुडवत नाही आणि भाडेकरूला तारतही नाही.

जून २०२४ पासून मी ६७५ रुपये भाडं द्यायला लागले. पुतण्यांनी घेतलं नाही. म्हणून दर महिन्याला मनीऑर्डर करते आणि ती "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत येते. डिसेंबरात वकिलाची नोटीस आली की भाडं थकलंय. परत आलेल्या सगळ्या मनीऑर्डरींचे कागद जोडून आम्ही उत्तर दिलं. नोटिशीनंतर नव्वद दिवसांनी ते दावा लावू शकतात. अजून लावलेला नाही. लावला तर दिवाणी न्यायालयात जाऊ. भाडं द्यायची तयारी आहे हे दाखवायला माझ्याकडं कागद आहेत.

मधल्या काळात पुतण्यांनी एकदा सुचवलं, वाडा धोकादायक ठरला तर सगळ्यांचाच प्रश्न मिटेल. ते वाक्य ऐकल्यावर पन्हळ का होत नव्हती ते माझ्या लक्षात आलं. माझा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीवर आहे, ९०० रुपयांच्या वादावर नाही. महापालिकेच्या कायद्यात धोकादायक इमारतीसाठी कलम २६४ आहे. त्यात पाडण्यासोबत सावरणं आणि दुरुस्त करणं हेही मार्ग लिहिलेले आहेत. पण जुन्या वाड्याच्या बाबतीत पहिलाच शब्द सगळ्यांना आठवतो. घर सरळ विकायचं असेल, पाडून बांधायचं असेल, तर मालकानं समोर बसून तसं सांगावं. कायद्यात त्यासाठीही वाट आहे. पावसाला भिंत खाऊ द्यायची आणि भिंत पडायच्या आधी आत राहणारी म्हातारी माणसं आपण होऊन निघून जातील याची वाट बघायची, हे तुम्ही तुमच्या बिऱ्हाडांशी कराल असं मला वाटत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तरी नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न, घर का सोडत नाही. सहा-सात हजार भाडं आमच्या घरात निघत नाही, हे एक. दुसरं, सासूबाईंना गणपतीच्या देवळापर्यंत एकटीनं चालत जाता येतं ते याच घरातून. विश्रामबागेकडं नेलं तर त्या दाराबाहेर पडणार नाहीत. मालकांनी पर्यायी जागेचं किंवा वाजवी मोबदल्याचं बोलणं लावलं तर आम्ही बसू, असं आमच्या वकिलांच्या उत्तरात लिहिलंय. त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

भाड्याचा आकडा आणि सिमेंटच्या गिलाव्याची गोष्ट आधीच्या लेखात आजच घातली आहे. माडीच्या दुसऱ्या टोकाची तुळई मिस्त्री पुढच्या रविवारी बघायला येणार आहेत.