चहाला या, फोन न करता

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामाच्या तासांचा वाद काही मिटत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन 90 तासांवर पोचले, आणि घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, अशा अर्थाचंही बोलले. त्यावरचं हसणं ओसरतंय तोवर सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेवढेच राहतील, असं सरकारचं म्हणणं. चाकणला नोकरी करणारा माझा मामेभाऊ विचारतो, "आणि चाकणच्या चौकात जे दोन तास जातात, ते कोणाच्या खात्यात?"

मग सगळे माझ्याकडे वळतात. "ताई, तुझं बरं आहे. पाच वाजले की सुटलीस."

खरंच बरं आहे. मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहते. युरोपीय संघात सर्वांत छोटा कामाचा आठवडा याच देशात आहे, सरासरी सुमारे 32 तासांचा. अर्धवेळ नोकरी करणारे भरपूर, म्हणून सरासरी इतकी खाली. आठवड्यातला एक दिवस घरी राहून पोरांना सांभाळणारे बाप इथे सर्रास दिसतात. सहाला जेवणं. त्यानंतर साहेबाचा फोन आला तर घरात कोणी मेलं की काय, असं वाटावं. हे सगळं आपल्याकडे यावं असं मला मनापासून वाटतं. 90 तासांच्या बाजूने बोलणाऱ्या एकाही युक्तिवादाने माझं मत हललेलं नाही.

पण याच देशात 2019 साली एका सुपरमार्केट साखळीने गप्पांचं काउंटर उघडलं. पहिलं फ्लाइमेन नावाच्या गावात. घाई नसलेल्यांनी तिथे रांग लावायची आणि पैसे देता देता कॅशियरशी निवांत बोलायचं. एकटेपणाविरुद्धच्या सरकारी मोहिमेचा तो भाग होता. 2021 मध्ये कंपनीने अशी 200 काउंटर करायचं ठरवलं. मी मुद्दाम त्या रांगेत उभी राहते. एकदा माझ्यापुढे एक आजोबा होते. पट्ट्यावर एक लीक म्हणजे जाड्या कांद्याच्या पातीसारखी भाजी, दोन टोमॅटो आणि मांजराच्या खाण्याचे सहा डबे. मांजर जुनं खाणं तोंडाला लावत नाही, हा विषय. कॅशियर मुलीने मांजराचं नाव विचारलं, वय विचारलं, तिच्या आत्याचं मांजर काय खातं ते सांगितलं. मागे आम्ही चौघं, कोणी घड्याळ बघितलं नाही. मग आजोबांची नजर माझ्या कोथिंबिरीकडे गेली. "पाच जुड्या? कोणाचं लग्न आहे?" मी कोथिंबीर वडी समजावून सांगितली. पूर्ण कृती, वाफवण्यासकट.

काम आटोपतं, संध्याकाळ मोकळी होते, तरी माणसं बोलायला काउंटर शोधतात, कारण इथे मोकळा वेळही डायरीत लिहिलेला असतो. आमच्या शेजारच्या आजी फार प्रेमळ. कॉफीला बोलावतात तेव्हा तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारचे दहा ते अकरा देतात. सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर संडासात टांगायची इथे पद्धत आहे, त्यामुळे वाढदिवस कोणी विसरत नाही. त्या दिवशी खुर्च्या गोलात मांडतात आणि आलेला प्रत्येक जण घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो, आईला मुलाबद्दल, दिराला वहिनीबद्दल. किती गोड प्रथा! पण वाढदिवस नसलेल्या बुधवारी, मन खट्टू झालेलं असताना, जायचं कोणाकडे?

घरच्या वादात मला हेच खटकतं. एक बाजू म्हणते काम, दुसरी म्हणते कुटुंब आणि आराम. तिसरा वेळ कोणी मोजतच नाही. जिन्यात पिशवी हातात धरून झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं, देवळाचा पार, कॉलनीचा कट्टा, 7:52 च्या लोकलमध्ये भजन म्हणणारा नाहीतर मटार सोलणारा ग्रुप. काळजी पातळ होते ती तिथे. सांगलीला बाबांच्या रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी तक्ता दिला, पण धीर दिला समोरच्या काकांनी. "या, या, आमच्या क्लबात स्वागत. मी आठ वर्षं अध्यक्ष आहे." बाबा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

इथल्या मराठी घरांत सध्याची मोठी काळजी म्हणजे शाळेची शिफारस. मूल बाराएक वर्षांचं झालं की पुढे त्याने कोणत्या प्रवाहात जावं, ते शाळा सुचवते. सगळ्यांना हवा असतो विद्यापीठाकडे नेणारा वरचा प्रवाह. माझ्या मुलीला त्याखालचा मिळणार अशी चिन्हं दिसली आणि माझी झोप उडाली. एका संध्याकाळी मैत्रीण सहज डोकावली, मेसेज न करता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या थोरलीला हाच मिळाला तेव्हा मी तीन दिवस पोळ्या करपवल्या. आता ती नर्सिंग शिकते आणि मलाच गोळ्यांच्या वेळा पाळायला लावते." शाळेच्या माहितीपत्रकात हेच सगळं छापलेलं होतं, की वाट बंद होत नाही, पुढे बदलता येते. मला ते पटलं करपलेल्या पोळ्यांमुळे.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. जुन्या अवचित पाहुणचाराचं कौतुक करताना स्वयंपाकघरात कोण होतं, ते आपण सांगत नाही. आला गेला की आई गॅस पेटवायची, कांदा चिरायची, आणि बाहेर हशा पिकला की "काय झालं हो?" असं दारातून विचारायची. पुण्यात आता "फोन करून या" म्हणतात, यात त्या बायकांची सुटका आहे आणि ती मला मोलाची वाटते. डच घरात पाहुण्याला एक कप कॉफी आणि एक बिस्कीट मिळतं, मग डबा बंद. नवीन असताना मला ते कोरडं वाटायचं. आता वाटतं, इतकं सोपं असलं तरच माणूस रोज येऊ शकतो आणि यजमानीण गप्पांत बसू शकते.

आम्ही पाच-सहा मराठी घरांनी तसंच ठरवलं आहे. रविवारी चार ते सहा दार उघडं, न सांगता यायचं, चहा आणि एक बिस्कीट. पोहे केले तर पुढच्या रविवारी त्या घरी कोणी जायचं नाही. चहा ज्याला हवा त्याने करायचा, त्यामुळे दोन भावोजींना आलं कधी घालायचं ते कळलं. शेजारच्या आजी दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा आधी चिठ्ठी टाकून, पण आल्या.

म्हणून 12 तासांबद्दल माझं ग्रुपवरचं म्हणणं थोडं वेगळं पडतं. चार दिवसांत 48 तास संपवून तीन दिवस खरोखर हातात येणार असतील, तर काही जणांना ते हवंही असेल, त्यांचं ऐकावं. पण सुट्टीचा वार आदल्या रात्री मेसेजवर कळणार असेल, तर ती सुट्टी झोपण्यातच जाणार. मामेभावाला मी लिहिलं, युनियनच्या बैठकीत तासांवर भांडाच, पण शिफ्टचा तक्ता महिनाभर आधी लागावा हेही लेखी मागा. त्याचं उत्तर आलं, "तक्ता लागला तर पहिल्या सुट्टीला आत्याकडे सांगलीला जाऊन येतो. सांगू नकोस तिला, नाहीतर पुरणाचा घाट घालेल."