सांभाळून वापरा

सातही दिवस तोच प्रकार. संध्याकाळचे पाच वाजले की पोराच्या हालचालीचा आलेख आडवा पडतो आणि पुढे नुसती शून्यं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा जीव येतो. चौथीतला धडधाकट मुलगा पाचनंतर देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखा निश्चल कसा काय बसतो, हे बघायला मी तीन जिने चढून त्याच्या घरी गेलो. तिथे जी शोभा झाली, ती अजून पुरती पचलेली नाही.

शाळकरी मुलं दिवसभरात किती हलतात हे मोजायला कमरेला, उजव्या बाजूच्या हाडावर, इलॅस्टिकच्या पट्ट्यात अॅक्सिलरोमीटर बांधतात. काड्यापेटीएवढं यंत्र, वजन 19 ग्रॅम, सेकंदाला 30 नोंदी. आंघोळ आणि पोहणं सोडून उठल्यापासून झोपेपर्यंत काढायचं नाही. पट्टा सैल राहिला तर यंत्र स्वतःच उड्या मारतं आणि पुण्य पोराच्या खात्यात जमा होतं.

दार आजींनी उघडलं.

"तो करदोटा ना? आहे की. देव्हाऱ्यात ठेवलाय."

म्हणजे बाळकृष्णाच्या शेजारीच.

"आजी, काढला का पण?"

"का म्हणजे? पोरगं खेळायला निघालं की मी काढून घेते. तुमच्याच कागदावर आहे, 'यंत्र महाग आहे, सांभाळून वापरा'. ठळक अक्षरात. पडलं-फुटलं तर भरून कोण देणार?"

"अहो, पण खेळतानाचंच तर मोजायचंय!"

"मग तसं लिहायचं." आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "आधी बसा. केवढी धाप लागलीय! तुम्ही बांधलाय का एखादा?" मग माझ्या पोटाकडे नीट बघून, "पण पुरायचा नाही म्हणा."

सूनबाई स्वयंपाकघरात हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. पट्टा पुरतो, हे इथे नमूद करतो. ताणावा लागतो, पण पुरतो.

खरी चीड आजींची नाही, नियमाची आहे. सलग 60 मिनिटं शून्य आलं की यंत्र अंगावर नव्हतं असं धरून तो वेळ वगळतात. उरलेला वेळ किमान 10 तास भरला तर दिवस ग्राह्य. असे चार दिवस, त्यांत एक सुट्टीचा, म्हणजे मूल ग्राह्य. सकाळी सात ते संध्याकाळी पाच म्हणजे बरोबर 10 तास! आजींनी हिशेब करून काढला असता तरी इतका चोख जमला नसता. संगणकाने दिवस आनंदाने मान्य केला आणि निकाल दिला: मध्यम ते जोमदार हालचाल, 22 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020चा दंडक 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटांचा आहे. म्हणजे गल्लीत सर्वांत जास्त हुंदडणारा पोरगा आमच्या कागदावर आळशी ठरला.

बरं, पट्टा अंगावर असला तरी यंत्राला सगळं कळतं अशातला भाग नाही. ते कमरेचे हिसके मोजतं. सायकलवर कंबर जवळजवळ स्थिर, म्हणून चढावर घाम गाळणारं पोर जेमतेम हललं असं निघतं. पाठीवर दप्तर आहे की नाही, याचा त्याला पत्ताच नाही. मल्लखांबावर उलटं लटकून मांड्या थरथरताहेत, आणि इकडे नोंद काय? बैठी स्थिती! खो-खोत आठ जण चौकोनात उकिडवे, खो मिळायच्या तयारीत ताणलेले. यंत्राच्या मते ते टीव्ही बघताहेत.

त्यात मुलं मोठ्यांसारखी अर्धा तास एका लयीत चालत नाहीत. सहा सेकंद पळतात, थांबतात, भांडतात, पुन्हा पळतात. यंत्र हिसक्यांची बेरीज 'काउंट'मध्ये देतं; प्रचलित मोजणीत मिनिटाला 2296 काउंट झाले तर मध्यम हालचाल. पोरगं सहा सेकंद पळून 600 काउंट कमावतं आणि उरलेली 54 सेकंदं आउट की नॉटआउट यावर घालवतं. मिनिटाचा हिशेब धरला तर सगळी कमाई बुडाली. तेच 15 सेकंदांचे तुकडे केले तर एका तुकड्याला 574 पुरतात, म्हणून 600 पास. मूल तेच, धाव तीच. म्हणून यंत्रात मांडणी भरताना मुलांसाठी तुकडा 15 सेकंदांचा किंवा त्याहून लहानच ठेवायचा. मोठ्यांच्या अभ्यासातून उचललेली 60 सेकंदांची मांडणी तशीच चालवणारे भेटतात. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही. जिने चढतो.

यंत्र नको तर प्रश्नावली द्या, असं सुचवणारे असतातच. 'गेल्या सात दिवसांत' म्हटल्यावर तिसरीतल्या मुलाला परवाचा वाढदिवस तेवढा आठवतो. 'दोन तास क्रिकेट' असं तो प्रामाणिकपणे लिहितो. त्यातला बराच वेळ गटारातून चेंडू काढण्यात आणि बॅटिंग कोणाची या चर्चेत गेलेला असतो. 2016 साली जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के शाळकरी मुलं हालचालीत कमी पडली, हा गाजलेला आकडा अशा उत्तरांवरचाच. दुसरीकडे 600 मीटर किती सेकंदांत पळाला याची चाचणी घेऊन 'हालचाल मोजली' म्हणणारे आहेत. ती तंदुरुस्ती, बाबांनो. वजनकाट्यावर उभं करून जेवला का विचारण्यासारखं आहे हे.

आणि एवढा 15-15 सेकंदांचा काथ्याकूट करायचा, तर वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताचा भाग राहिला म्हणून गेलेला. मैदानाच्या अर्ध्या भागात शिक्षकांच्या दुचाकी. तिथे काय मोजायचं? त्याला यंत्र कशाला, डोळे पुरतात. पण डोळ्यांचा अहवाल कोणी मागत नाही.

असो. मोजणी पुन्हा घ्यायची ठरली. सूचनापत्रक नवं छापलं: 'खेळताना यंत्र मुळीच काढू नये. बिघडल्यास भरपाई घेतली जाणार नाही.' पुन्हा तीन जिने. आजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून देव्हाऱ्यात ठेवलं आणि विचारलं,

"मग अभ्यासाला बसल्यावर काढला तर चालेल ना?"