मनधरणीला मिळणारे गुण

रोमान्स असलेल्या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये, म्हणजे चित्रे आणि संवाद वाचत, मधूनमधून पर्याय निवडत पुढे न्यायच्या कथारूपी गेममध्ये, नैतिकता नेमकी कुठे असते, असे विचारले की बहुतेक जण कथेकडे बोट दाखवतात. नायक शेवटी काय शिकतो, कोण कोणाला क्षमा करतो, कोणाच्या वाट्याला कोणते एंडिंग येते, यावर चर्चा रंगते. माझे मत थोडे वेगळे आहे. अशा गेमची प्रेमाविषयीची खरी भूमिका त्याच्या संवादांत नसून त्याच्या जमाखर्चात असते. कोणत्या कृतीला गुण मिळतात, कोणत्या कृतीचे गुण कापले जातात आणि कोणत्या कृतीची नोंदसुद्धा होत नाही, एवढे पाहिले की तो गेम प्रेम कशाला म्हणतो ते उघड होते. मग पात्रे तोंडाने काहीही बोलोत.

हा जमाखर्च अगदी शब्दशः असतो. रेनपाय हे 2004 पासून उपलब्ध असलेले मोफत साधन वापरून अशा असंख्य गेम तयार झाल्या आहेत. त्यात लेखक एक मेनू लिहितो, मेनूखाली दोन-तीन पर्याय देतो आणि त्यांपैकी एखाद्या पर्यायाखाली, खेळाडूला कधीही न दिसणारी, एक छोटी ओळ टाकतो; ती ओळ त्या पात्राच्या नावाने ठेवलेल्या आकड्यात एकाची भर घालते. समजा, पाऊस आला आहे आणि नायकाजवळ एकच छत्री आहे. छत्री तिच्या हाती देऊन आपण भिजत जायचे, की दोघांनी एकाच छत्रीतून जायचे? दोन्ही पर्याय सज्जनपणाचेच आहेत, तरी भर पडते ती एकाच ठिकाणी, कारण लेखकाने ठरवले आहे की या मुलीला सोबत आवडते. पुढे काही तासांनी एक अट तो आकडा तपासते. आकडा पुरेसा असेल तर प्रेमाची कबुली देण्याचा प्रसंग उघडतो, नसेल तर कथा गुपचूप दुसऱ्या फाट्याला लागते.

या रचनेत चांगले काय आणि वाईट काय हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि तिला काय आवडेल हा प्रश्न त्याची जागा घेतो. खेळाडू प्रसंग वाचत नाही, तो समोरच्याची आवड वाचतो. त्यामुळे पडद्यावर जे प्रेम म्हणून दिसते ते खेळणाऱ्याच्या बाजूने पुष्कळदा निव्वळ मनधरणी असते. 2016 मध्ये आलेल्या ‘मिस्टिक मेसेंजर’ या दक्षिण कोरियन गेममध्ये हे अगदी उघड्यावर घडते. गप्पांच्या खिडकीत तुमचे उत्तर एखाद्या पात्राला रुचले की त्याच्या नावाचे हृदय लगेच तरंगून वर येते आणि रुचले नाही तर तुटलेले हृदय दिसते. थोड्याच वेळात खेळाडूला होयबा होण्याची सवय लागते. गप्पा खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतात आणि हुकलेली गप्पा पुन्हा उघडण्यासाठी जे वाळूचे घड्याळ खर्चावे लागते ते पैसे देऊनही मिळते, म्हणजे दुर्लक्ष केल्याची चुटपुटसुद्धा विकाऊ आहे. गेम मोठी कल्पक आहे आणि तिच्यातली पात्रे जिवंत आहेत, यात वाद नाही; पण तिचा जमाखर्च मला पटत नाही.

मात्र आकडे आहेत म्हणून गेम उथळ, असा सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. संगणकाला काहीतरी मोजावेच लागणार. प्रश्न आहे तो काय मोजायचे याचा. 1994 च्या ‘तोकिमेकी मेमोरियल’मध्ये ओळख झालेल्या एखाद्या मुलीकडे फार काळ लक्ष दिले नाही तर तिच्या नावापुढे बॉम्बचे चिन्ह येते, आणि तो फुटला की बाकीच्या मुलींच्या मनातले तुमचे स्थानही घसरते. परिणामी ज्या मुलीत रस नाही तिलाही अधूनमधून फिरायला न्यावे लागते. वरवर पाहता हा नियम कोणाला दुखवू नका असे सांगतो. प्रत्यक्षात तो सगळ्यांना झुलवत ठेवायला शिकवतो. गेमच्या निर्मात्यांना हे अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही, परंतु नियमाने जे घडते ते घडतेच. याउलट 2005 मधल्या ‘स्कूल डेज’ने प्रतारणेला रक्तरंजित शेवट जोडून दिले. त्याची चर्चा खूप झाली, पण फसवणाऱ्याला शिक्षा मिळते यापलीकडे त्यातून प्रेमाविषयी फारसे हाती लागत नाही.

खरी गंमत सुरू होते ती सज्जनपणाच चुकीचा ठरतो तेव्हा. 2012 मध्ये विनामूल्य प्रकाशित झालेल्या ‘कातावा शोजो’मधील हानाकोची कथा या दृष्टीने मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते. हानाकोच्या चेहऱ्यावर आणि अंगावर आगीत भाजल्याचे व्रण आहेत, ती माणसांना बिचकते, आणि नायक हिसाओ तिला जपायला पुढे होतो. या प्रकारच्या गेम खेळून तयार झालेला हात इथे आपोआप सर्वांत काळजीवाहू पर्यायाकडे जातो: तिची विचारपूस कर, तिच्या मागे राहा, तिला एकटे सोडू नकोस. पण तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलेले असताना तिच्या मागे लागलात, तर ती उसळते. तू मला लेकरासारखे वागवतोस, मला दुबळी समजतोस, असे ती तोंडावर सुनावते आणि कथा तिथेच कडवटपणे संपते. तिच्यावर विश्वास ठेवून, स्वतःची अस्वस्थता गिळून, थोडे दूर राहिले तरच पुढची वाट उघडते.

इथे गेमने मोजलेली गोष्ट दया नाही, तर समोरच्या माणसाला आपल्या बरोबरीचा मानणे ही आहे. वाचवणारा आणि वाचवली जाणारी अशी जोडी या साहित्यप्रकारात इतकी मुरलेली आहे की तिच्यातला वरचढपणा सहसा कोणाला खटकतही नाही. हानाकोची कथा तो दाखवून देते, आणि तेही खेळाडूच्याच हातून चूक घडवून. नायकाने चूक केली असे वाचणे वेगळे आणि मायेने निवडलेला पर्याय आपल्यावरच उलटणे वेगळे. कादंबरी किंवा चित्रपट हे दुसरे काम करू शकत नाही, आणि व्हिज्युअल नॉव्हेलला स्वतंत्र माध्यम मानायचे ते याचसाठी.

‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ने 2017 मध्ये हाच जमाखर्च चव्हाट्यावर आणला. कविता लिहिण्याच्या नावाखाली तुम्ही 20 शब्द निवडता. प्रत्येक शब्द सायोरी, नात्सुकी आणि युरी यांच्यापैकी कोणाच्या तरी आवडीचा असतो आणि निवडताच तिची छोटीशी बाहुली टुणकन उडी मारते. चौथी मुलगी मोनिका या हिशेबात नाहीच. आपल्याला रूट, म्हणजे आपल्याशी प्रेम जुळण्याची स्वतंत्र कथावाट, नाही हे तिला ठाऊक आहे, आणि पुढचा सगळा अनर्थ तिथूनच उद्भवतो. नैराश्याने ग्रासलेली सायोरी प्रेमाची कबुली देते तेव्हा ‘माझेही प्रेम आहे’ म्हणा किंवा ‘तू माझी जिवलग मैत्रीण आहेस’ म्हणा, पुढे घडणारी गोष्ट टळत नाही. काही जणांना ही फसवणूक वाटते. मला मात्र तो त्या गेममधला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो, कारण योग्य उत्तर दिले की माणूस दुःखातून बाहेर येतो, हा या साहित्यप्रकाराचा सर्वांत घातक समज तिथे मोडून पडतो.

2023 च्या ‘स्ले द प्रिन्सेस’ने तर गुणांचा मीटर दाखवायचाच सोडून दिला. तळघरात राजकन्या आहे आणि तिला मारायचे आहे, एवढेच तुम्हाला सांगितले जाते. तुम्ही सुरी घेऊन खाली जाता की रिकाम्या हाताने, तिच्याशी कसे बोलता, तिला घाबरता की नाही, यावरून ती कोण आहे हेच बदलत जाते. तिला निव्वळ वाचवायला गेलात तर ती तुमच्या मनासारखी, गोड, आज्ञाधारक राजकन्या होते. आणि तुला स्वतःला काय हवे, असे पुन्हा पुन्हा खोदून विचारले, तर तिच्यापाशी उत्तरच नसते आणि तिचे चित्रच हळूहळू रेखाटनासारखे विरळ होत जाते. हानाकोच्या वेळी जे संवादातून सुनावले गेले ते इथे चित्रातून दिसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: खेळ हव्या त्या ठिकाणी जपून ठेवायचे (सेव्ह) आणि तिथून पुन्हा सुरू करायचे (लोड) हे हाताशी असताना कसली आली नैतिकता? आज हिच्याशी एकनिष्ठ, उद्या सेव्ह फाइल उघडून तिच्याशी. आक्षेप रास्त आहे, पण त्याला सर्वांत सविस्तर उत्तर 2004 मधल्या ‘फेट/स्टे नाइट’ने दिलेले आहे. तिचे तीन रूट ठरावीक क्रमानेच खेळता येतात. पहिल्या दोन्हींत साकुरा ही नायकाच्या घरी स्वयंपाकाला मदत करणारी, हसतमुख, कडेला उभी असलेली मुलगी आहे. तिसऱ्या रूटमध्ये कळते की तिच्या घरी तिचा वर्षानुवर्षे छळ होत आला आहे. म्हणजे आधीच्या दोन कथांत आपण दुसऱ्या कोणाच्या प्रेमात रमलो होतो तेव्हाही तो चालूच होता. लोड करून मागे जाता येते, पण हे कळलेले पुसता येत नाही.

त्याच रूटमध्ये नायक शिरोपुढे एक अवघड निवड येते. सर्वांना वाचवायचे हा त्याला दत्तक वडिलांकडून मिळालेला आदर्श आहे आणि साकुरामुळे शहरातल्या माणसांचे जीव धोक्यात आहेत. आदर्शाला धरून राहिलात तर कथा गारठून संपते, आणि साकुराची बाजू घेतलीत तर पुढची प्रत्येक जीवहानी तुमच्या निवडीच्या नावावर पडते. चांगुलपणाचा मीटर इथे असता तर त्याचा काटा कुठे ठेवायचा, हे कोणालाच सांगता आले नसते. पहिल्या रूटमधला रोमान्स बेतास बात आहे म्हणून पुष्कळ जण ही गेम तिथेच सोडतात. त्यांना साकुराविषयी विचारले, तर स्वयंपाक चांगला करते, एवढेच ते सांगू शकतात.