पक्षी किती हायत?

बेळगावच्या शहापुरातल्या एका किराणा दुकानात माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी, माझ्या कुटुंबाचा आहार मेथिओनिनच्या (म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एकाच्या) बाबतीत कोंबडीच्या खाद्यापेक्षा कमी पडतो, असा निकाल चारचौघांत दिला. त्यावरचे योग्य उत्तर मला घरी पोचल्यावर सुचले, त्यामुळे राग अद्याप उतरलेला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. किराण्याचा खर्च आटोक्यात यावा म्हणून मी संगणकावर एक तक्ता मांडला होता. एका रकान्यात रविवार पेठेतले भाव. शेजारी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 खाद्यपदार्थांचे जे पृथक्करण छापले, त्यातले आकडे. आणि खाली 2020 च्या शिफारशी, म्हणजे प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह, पुरुषाला 19, दोघांनाही 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने. या सर्व गरजा भागवून सर्वांत कमी खर्चाचे मिश्रण शोधून काढण्याच्या गणिताला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. कळ दाबली की उत्तर येते. माझे उत्तर पाच माणसांना आठवड्याला 9 किलो 120 ग्रॅम नाचणी, 1 किलो 340 ग्रॅम मसूर, काही शेंगदाणे, पुष्कळ दूध आणि शेजारच्यांचे झाड फुकट असल्यामुळे गाईलाही संकोच वाटेल इतका शेवग्याचा पाला, असे आले. पाला मी हाताने कमी केला आणि उरलेली यादी घेऊन दुकानात गेलो.

दुकानदारांनी यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "सर, चाळीस ग्रॅम आम्ही वेलदोडे मोजतो, मसूर न्हवं."

तेवढ्यात मागून एक हात आला आणि यादी दुकानदारांच्या हातातून त्या हातात गेली. हाताचे मालक साठीचे, पांढऱ्या सदऱ्यातले, आवाजाने भरदार. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही तपासली, आणि मला विचारले,

"पक्षी किती हायत?"

"कसले पक्षी?"

"शेडमध्ये वो. देशी का ब्रॉयलर?"

घरात आम्ही पाच माणसे आहोत, असे मी शक्य तितक्या संथपणे सांगितले.

"माणसांचं हाय होय हे!" त्यांचा आनंद दुकानभर पसरला. त्यांची पश्चिम भागात ब्रॉयलरची शेड होती, आणि मी केलेले गणित खाद्य तयार करणाऱ्या कंपन्या नेहमीच करतात, ही माहिती त्यांनी मला नव्हे, तर साबण घ्यायला आलेल्या दोन बायकांना दिली. मक्याचा भाव, सोयाबीन पेंडीचा भाव, कोंबडीची गरज, हे सगळे संगणकात घातले की स्वस्तातले मिश्रण बाहेर पडते. कोंबडीवरच्या खर्चातला दोन तृतीयांश खर्च खाद्याचाच असल्यामुळे तिथे पैशापैशाचा हिशेब होतो. "अगदी ह्येच. सरांनी घरात ह्येच चालू केलंय," असा त्यांनी समारोप केला. दुकानातल्या पोराने ते एका गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये सांगितले, त्यामुळे सीमाभागाच्या परंपरेला जागून माझे हसे दोन्ही भाषांत झाले.

समारोप म्हणजे शेवट, अशी माझी समजूत होती.

"एफसीआर काढलाय काय?"

एफसीआर म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागते, त्याचे प्रमाण. माझ्या थोरल्या मुलाचे ते काढले असते, तर कोणत्याही कंपनीने त्याला पहिल्याच आठवड्यात नाकारले असते. मी गप्प राहिलो.

"बरं, बॅच कधी उचलतात?"

इथे मी काहीच बोलायला नको होते, परंतु शिक्षकाची सवय अशी की प्रश्न आला की उत्तर जाते. थोरला बारावी झाल्यावर पुण्याला जाईल, असे मी म्हणालो.

"म्हंजे अठरा वर्षं!" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची कणव उतरली. "आमची चाळीस दिवसांत जाते की वो." मग बोट यादीवर ठेवून ते म्हणाले, "डाळ हाय, शेंगदाणं हाय, मेथिओनिन कुठाय? आमच्या पक्ष्याला ह्याच्या दुप्पट घालतो आम्ही. अंडी घाला की, अंडी! सगळं भरून निघतंय."

डाळींत मेथिओनिन कमी असते हे खरे आहे. परंतु धान्यात ते त्या मानाने बरे असते, नाचणीत तर चांगलेच, आणि धान्यात लायसिन हे जे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते ते डाळ पुरवते. भाकरी आणि आमटी एका ताटात येतात त्यामागे एवढे रसायन आहे. शिवाय कोंबडीला अंगभर पिसे उगवायची असतात, म्हणून तिला गंधकयुक्त अमिनो आम्ले जास्त लागतात. आम्हाला पिसे नाहीत. हे वाक्य मला दुकानात सुचायला हवे होते.

आणि ज्या गणिताला ती मंडळी हसली, त्याची कुळकथा काही हलकी नाही. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1945 मध्ये 77 पदार्थ आणि 9 पोषक घटक घेऊन एका माणसाचा स्वस्तातला आहार अंदाजाने काढला: गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा; खर्च 1939 च्या भावाने वर्षाला 39.93 डॉलर. असा आहार कोणी प्रत्यक्ष घ्यावा असे आपले म्हणणे नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले, आणि पुढे 1982 मध्ये नोबेल घेतले (कोबीसाठी नव्हे). 1947 मध्ये लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या नव्या रीतीने नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर 120 मनुष्यदिवस खपून बिनचूक उत्तर काढले, ते 39.69 आले, म्हणजे वर्षाला 24 सेंटांची बचत. ती रीत शोधणारे जॉर्ज डँटझिग यांनी पुढे स्वतःसाठीच आहार काढला. पाणी वजा जाता पोट जास्तीत जास्त भरावे असे त्यांनी यंत्राला सांगितले होते, आणि व्हिनेगरमध्ये पाणी शून्य अशी नोंद असल्यामुळे यंत्राने पाचशे गॅलन व्हिनेगर सुचवले. ते वगळल्यावर रोज सूपच्या दोनशे वड्या आल्या. शेवटी त्यांच्या पत्नी ॲन यांनी ते काम स्वतःकडे घेतले.

आमच्याकडेही पत्नीने तक्ता पाहिला आणि नाचणी निवडायची कोणी, गिरणीत न्यायची कोणी, नऊ किलोच्या भाकऱ्या थापायच्या कोणी, याचा रकाना कुठे आहे, असे विचारले. तो नव्हता. गॅसचाही नव्हता. कोंबडीपुढे गोणी ओतली की काम संपते. पोषक अन्न स्वस्तात मिळते, असे व्याख्यान भरल्या पोटी देणारे तज्ज्ञ हा रकाना कधीच मांडत नाहीत, आणि ज्या शेतमजूर बाईला ते ऐकवतात, तिच्या आजीच्या ताटात हीच नाचणी, हेच हुलगे आणि हाच पाला होता. आता ती नाचणी चकचकीत पाकिटात आरोग्याच्या नावाने दामदुप्पट विकली जाते. रेशनवर तांदूळ मिळतो, त्याने उष्मांक भरतात. महाग पडते ते डाळ, दूध आणि भाजी, आणि तिथे गणित कितीही नेटके केले तरी पैसे लागतातच.

रात्री सगळे झोपल्यावर मी तक्त्यात अंडी घालून पाहिली. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात अंड्याला प्रवेश नाही, म्हणून तो रकाना मी शून्यावर बांधून ठेवला होता. गणित प्रत्येक बंधनाची छाया किंमतही सांगते, म्हणजे ते बंधन थोडे सैल केले तर किती रुपये वाचतील, ते. दूध निम्म्यावर आले, ब12 जीवनसत्त्व भरले, मेथिओनिनही भरले, आणि आईच्या नियमाची महिन्याची किंमत रुपये-पैशांत पडद्यावर उमटली. ती आईला सांगण्याची माझी छाती नाही. पत्नीने मात्र ती हिशेबाच्या वहीत उतरवून घेतली आहे, आणि तिच्याखाली माझ्या तंबाखूसाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.