एक किलोच्या भट्टीत ४०० ग्रॅमचा घाणा

नमस्कार भाऊ. "पाचपैकी दोन घाणे बाहेरून करपले, आतून कच्चे. एकदा लाईट गेली तर बियांचा कोळसा झाला. याला ऑटोमॅटिक म्हणत नाहीत," असं लिहून तुम्ही आमच्या कॉफीच्या बिया भाजायच्या यंत्राला दोन स्टार दिलेत. कोळशाची चूक आमची, त्यावर शेवटी. आधी करपण्याचं बघू.

तुमच्या फोटोत काट्यावर ४०० ग्रॅम दिसतात. ड्रममध्ये ७०० ग्रॅमच्या वर बिया असतील तरच प्रोबचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या कांडीचं, टोक त्यांत बुडतं. कमी असल्या की ते अर्धं गरम हवेत राहतं. मग डिस्प्लेवर २०५ अंश दिसतात, बी प्रत्यक्षात बरीच मागे असते आणि कंट्रोलर दार उघडून मोकळा होतो. त्यात २०० अंशांना तापलेल्या ड्रमची उष्णता निम्म्याहून कमी मालावर पडते. म्हणून वरून डाग आणि पोटात कच्चं. हे किमान वजन पुस्तिकेत ठळक असायला हवं होतं, ते तळटीपेत गेलं. छोटाच घाणा काढायचा असेल तर बिया १७० अंशांना टाका, ऑटो बंद करा आणि कान देऊन ऐका: लाह्यांसारखी तडतड सुरू झाली की दीड-दोन मिनिटांनी काढा.

भाजल्यावर वजन करत चला. मध्यम भाजणीत किलोचे साधारण ८५० ग्रॅम उरतात. ९०० उरले तर रंग कितीही छान दिसो, बी कच्चीच.

प्रोब उकळत्या पाण्यात ९६ दाखवतो, ही तुमची दुसरी तक्रार. प्रोब बरोबर आहे. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. सेटिंगमध्ये ४ अंश वाढवले असतील तर काढून टाका, नाहीतर प्रत्येक घाणा तेवढा आधी बाहेर पडेल.

व्होल्टेजही मोजा. २३० ऐवजी १९० मिळालं तर २.४ किलोवॅटचं हीटर जेमतेम १.६ देतं. भाजणी वीस मिनिटांवर रेंगाळते, कॉफी पांचट लागते; कंट्रोलरने कितीही जोर लावला तरी काही होत नाही. ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लागेल.

आता कोळसा. ड्रमची मोटर आम्ही थेट २३० व्होल्टवर ठेवली, बॅकअप दिला नाही. लाईट गेली की ड्रम थांबतो आणि बिया तापलेल्या पत्र्याला टेकून जळत राहतात. खेड्यात वापरायच्या यंत्रात ही चूक व्हायला नको होती. १२ व्होल्टची मोटर, ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि हातदांडा या आठवड्यात विनामूल्य पाठवतो. तोवर लाईट गेली तर दार हाताने उघडा, बिया ट्रेमध्ये ओता आणि लाकडी उलथन्याने हलवत राहा.

किट बसवून ८०० ग्रॅमचे तीन घाणे काढा. तरी करपले तर यंत्र परत घेऊ, वाहतूक आमच्याकडे.